नव्या मॉडेलची तारीख का लांबते? अमेरिकेतल्या 'मॉडेल इयर'ची शंभर वर्षं

अमेरिकेत २०२६ चं मॉडेल म्हणून विकली जाणारी एखादी गाडी २०२५ च्या मार्चमध्येच शोरूममध्ये येऊ शकते. त्याच कंपनीची दुसरी २०२६ ची गाडी मात्र २०२६ चा फेब्रुवारी उजाडला तरी आलेली नसते, आणि तिची किंमत, मायलेज, रंग यांबद्दल कंपनी अवाक्षर काढत नाही. आपल्याकडे गाडीचं वर्ष म्हणजे ती ज्या महिन्यात, ज्या वर्षी कारखान्यातून बाहेर पडली ते. आरसीवर तेच छापलेलं असतं. त्यामुळे डेट्रॉइट किंवा न्यू जर्सीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला तिकडे पहिली गाडी घेताना हा प्रकार अनाकलनीय वाटतो. डीलरला विचारावं तर तोही सांगतो, आम्हालाच अजून कळवलेलं नाही.

बऱ्याचदा हे खरं असतं. या उशिरामागे आळस क्वचितच असतो. 'मॉडेल इयर' हे कॅलेंडरवरचं वर्षच नाही. ते विक्रीसाठी घडवलं गेलं, रोजगारासाठी हलवलं गेलं आणि प्रदूषणाच्या कायद्याने बांधलं गेलं. यातला प्रत्येक टप्पा आजच्या दिरंगाईत दिसतो.

सुरुवात १९२० च्या दशकातली. हेन्री फोर्डचा बदलावर विश्वास नव्हता. १९०८ मध्ये आलेली 'मॉडेल टी' त्याने एकोणीस वर्षं जवळपास त्याच रूपात बनवली, मधली बरीच वर्षं तर फक्त काळ्या रंगात. भर सगळा किंमत कमी करण्यावर. पण दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ज्याला परवडत होती अशा बहुतेकांकडे गाडी आलेली होती. १९२३ मध्ये जनरल मोटर्सचा अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोनपुढचा प्रश्न वेगळा होता: ज्याच्या दारात गाडी उभी आहे, त्याला दुसरी कशी विकायची? त्याने काढलेलं उत्तर म्हणजे दरवर्षी गाडीच्या रूपात, रंगात, सोयींत काहीतरी नवं आणायचं, म्हणजे जुनी गाडी चालू असूनही जुनी वाटू लागेल. १९२७ मध्ये त्याने हार्ली अर्ल या डिझायनरच्या हाताखाली निव्वळ रूप आणि रंग ठरवणारा स्वतंत्र विभागच सुरू केला. गाडी आतून फारशी न बदलता बाहेरून दरवर्षी बदलण्याचं तंत्र तिथे पक्कं झालं.

त्याच वर्षी फोर्डने या धंद्याला एक धडा घालून दिला. मे १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या पुऱ्या झाल्यावर 'मॉडेल टी'चं उत्पादन थांबलं. पुढची 'मॉडेल ए' तेव्हा तयारच नव्हती. नवी यंत्रं, नवे साचे, सगळंच नव्याने उभं करायचं होतं. कारखाने सुमारे सहा महिने बंद राहिले, कामगार घरी बसले आणि डीलरांकडे विकायला काही उरलं नाही. नवी फोर्ड कशी असेल या उत्सुकतेने अनेक गिऱ्हाइकं खरेदी लांबणीवर टाकून बसली होती, आणि बाकीची जनरल मोटर्सच्याच शेवरोलेकडे गेली. २ डिसेंबर १९२७ ला 'मॉडेल ए' लोकांसमोर आली तेव्हा गर्दी प्रचंड झाली, पण त्या वर्षीचा पहिला नंबर शेवरोलेने नेला होता. नवं सिद्ध झाल्याशिवाय जुनं थांबवायचं नाही, आणि जुनं विकायचं बाकी असताना नव्याचा बोभाटा करायचा नाही, हे दोन्ही नियम धंदा तिथे शिकला. शंभर वर्षांनी आजही तेच पाळले जातात.

मग नव्या गाड्या शरद ऋतूत येण्याची प्रथा कुठून आली? आधी ती नव्हती. नवी मॉडेलं जानेवारीत, न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाच्या सुमारास जाहीर होत. लोक हिवाळा संपला की वसंतात गाडी घेत. म्हणजे कारखान्यांत वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कामाचा धबडगा आणि उन्हाळ्यानंतर कामगारांना घरचा रस्ता. महामंदीत हे चक्र फार जीवघेणं ठरलं. रुझवेल्ट सरकारच्या औद्योगिक पुनरुत्थान कायद्याखाली मोटार उद्योगासाठी जी संहिता होती, तिच्यात १९३५ च्या सुरुवातीला दुरुस्ती झाली. नवी मॉडेलं शरद ऋतूतच आणायची, म्हणजे नव्या गाडीच्या ओढीने हिवाळ्यातही थोडी विक्री होईल आणि काम वर्षभर पसरेल. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, पण तारीख बदललेली ती बदललेलीच राहिली. १९३६ च्या गाड्या १९३५ च्या नोव्हेंबरात दाखवल्या गेल्या. पुढे ही तारीख सरकत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत आली. गाडीवर पुढच्या वर्षाचा आकडा आणि विक्री आदल्या वर्षीच, ही विसंगती मंदीतल्या रोजगाराच्या चिंतेतून आलेली आहे, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत विसरलं गेलेलं पान वाटतं.

युद्धाने हे चक्र तोडलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन बंद झालं आणि १९४५ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेव्हा आलेल्या १९४६ च्या बहुतेक गाड्या म्हणजे किरकोळ फेरफार केलेली १९४२ चीच मॉडेलं होती. मागणी एवढी होती की काहीही विकलं जात होतं. पन्नाशीच्या दशकात मात्र स्पर्धा टिपेला पोचली. नव्या गाड्या ताडपत्रीत झाकून डीलरकडे यायच्या, शोरूमच्या काचांना कागद चिकटवलेले असायचे, आणि ठरलेल्या दिवशी ते उतरायचे. गुप्तता हा विक्रीचाच भाग होता.

घाईची किंमतही त्याच काळात दिसली. क्रायस्लरच्या १९५७ च्या गाड्या दिसायला विलक्षण होत्या, उंच शेपट्या, बुटकं छप्पर. त्यांच्यापुढे जनरल मोटर्सच्या गाड्या एकदम जुनाट दिसू लागल्या. पण त्या बाजारात आणताना पुरेशी तयारी झालेली नव्हती. पाणी आत झिरपणं, लवकर गंज चढणं, पुढच्या सस्पेन्शनच्या दांड्या तुटणं अशा तक्रारींनी कंपनीचं नाव कित्येक वर्षं खराब झालं. कारखान्यातून होणाऱ्या उशिराबद्दल कुरकुर करताना हे वर्ष आठवावं, असं मला वाटतं.

एप्रिल १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आणली आणि शरद ऋतूची चौकट मोडली. १७ एप्रिलला विक्रीला आलेली ही गाडी कागदोपत्री १९६५ ची होती, जरी शौकीन लोक सुरुवातीच्या गाड्यांना आजही 'चौसष्ट-आणि-अर्धा' म्हणतात. आडवेळी गाडी आणली तर प्रतिस्पर्ध्यांच्या गोंगाटात ती हरवत नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

मग आला प्रदूषणाचा कायदा. १९७० च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने मॉडेल इयरला कायदेशीर व्याख्या दिली: ज्या उत्पादनकाळात त्या वर्षाची १ जानेवारी येते, तो काळ. त्यात १ जानेवारी एकच येऊ शकते. म्हणून २०२६ च्या मॉडेलचं उत्पादन लवकरात लवकर २ जानेवारी २०२५ ला सुरू होऊ शकतं आणि उशिरात उशिरा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालू शकतं. हा जवळजवळ दोन वर्षांचा पट्टा कंपनीच्या हाती आहे. पुढच्या वर्षापासून प्रदूषणाचा किंवा इंधनखर्चाचा नियम कडक होणार असेल तर चालू वर्ष ताणता येतं. नवी गाडी लवकर तयार असेल तर पुढचं वर्ष आधीच सुरू करता येतं. वर्षाचा हा शिक्का गाडीच्या सतरा अक्षरी चासी क्रमांकात दहाव्या जागी असतो: २०२५ साठी एस, २०२६ साठी टी.

पण या पट्ट्याला कुलूपही आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं प्रमाणपत्र असल्याशिवाय गाडी विकताच येत नाही, आणि ते प्रत्येक मॉडेल इयरसाठी नव्याने घ्यावं लागतं. इंजिन तेच असेल तर आधीच्या चाचण्यांचे आकडे पुढे चालवता येतात, पण कागद नवा लागतो. कॅलिफोर्नियाची मंजुरी आणखी वेगळी. डीलरकडे गाड्या पोचल्यात, पण त्या विकायला परवानगी नाही, अशी स्थिती येते ती इथे. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस ठप्प झालं, तेव्हा प्रमाणपत्रांचं कामही थांबलं आणि नव्या गाड्या आणणाऱ्या कंपन्या खोळंबल्या.

हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं, म्हणूनच फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा उघडा पडला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी रस्त्यावर केलेल्या चाचण्यांत या गाड्या प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडताना दिसल्या होत्या. २०१४ पासून कंपनी तांत्रिक कारणं पुढे करत राहिली. शेवटी ईपीए आणि कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने सांगितलं की समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत २०१६ च्या डिझेल मॉडेलांना मंजुरी नाही. नवी गाडी बंदरात अडकली की कंपनीचं गणितच कोलमडतं. सप्टेंबर २०१५ च्या सुरुवातीला कंपनीने चाचणी ओळखून फसवणारं सॉफ्टवेअर असल्याचं कबूल केलं, आणि १८ सप्टेंबरला ईपीएने ते जगजाहीर केलं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्या शरद ऋतूत एवढंच दिसत होतं की २०१६ ची डिझेल गाडी येतेय म्हणतात, पण येत नाही.

युरोपात २०१८ च्या १ सप्टेंबरपासून मायलेज आणि उत्सर्जनाची नवी, कडक चाचणी सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाली. चाचणीकेंद्रांवर रांगा लागल्या, आणि फोक्सवॅगनने मंजुरी न मिळालेल्या गाड्या ठेवायला बर्लिनच्या अजून सुरू न झालेल्या विमानतळावरच्या पार्किंगच्या जागा भाड्याने घेतल्या.

आता डीलरच्या आवारातल्या साठ्याकडे येऊ. गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त जाचणारा उशीर तिथूनच येतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जुन्या कंपन्यांना थेट विक्री करता येत नाही. आवारात उभ्या असलेल्या गाड्या डीलरने कर्ज काढून घेतलेल्या असतात आणि त्यांवर रोज व्याज चढतं. साधारण साठ दिवसांत विकला जाईल इतका साठा धंद्यात निरोगी मानला जातो. पुढच्या मॉडेलची तारीख, किंमत आणि सोयी जाहीर झाल्या की आवारातली प्रत्येक गाडी त्या दिवशी 'गेल्या वर्षीची' होते. मग ती उचलायला कंपनीला सवलत द्यावी लागते. म्हणून साठा उतरेपर्यंत कंपनी गप्प बसते. गाडी कधीचीच तयार असते, फक्त तिच्याबद्दल बोललं जात नाही.

ही भीती किती खरी आहे हे आपण २०२५ मध्ये पाहिलं. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरपासून. मधल्या पाच आठवड्यांत गणपती येऊन गेले, एरवी या दिवसांत शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. उद्या स्वस्त मिळणार हे कळल्यावर आज कोण घेईल? कंपन्यांना नवं मॉडेल जाहीर करताना नेमकी हीच धास्ती असते.

राहिला कारखाना. गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठे धक्के तिथून आले. २०१९ च्या जुलैमध्ये इंजिन मधोमध असलेली नवी कॉर्व्हेट, म्हणजे शेवरोलेची स्पोर्ट्स कार, जाहीर झाली, वर्षअखेरीस उत्पादन ठरलं होतं. शरद ऋतूत जनरल मोटर्समध्ये ४० दिवसांचा संप झाला, जुन्या कॉर्व्हेटच्या ऑर्डरी मागे पडल्या, आणि नवी गाडी फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. फोर्डच्या ब्रॉन्को या जीपवजा गाडीचं अनावरण कोविडमुळे जुलै २०२० वर गेलं. उत्पादन पुढच्या वसंतातून उन्हाळ्यात सरकलं. मग पुरवठादाराकडून आलेल्या कडक छपरांत दोष निघाले आणि फोर्डने ती सगळी बदलून देण्याचं ठरवलं. त्यात चिपांचा तुटवडा. २०२१ ची म्हणून बुक केलेल्या अनेकांची ऑर्डर २०२२ च्या मॉडेलवर ढकलली गेली. सॉफ्टवेअर हे त्यात नवं कारण. शेवरोलेची ब्लेझर ईव्ही विक्रीला आल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने सॉफ्टवेअरच्या बिघाडांमुळे तिची विक्री थांबवली आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू केली.

या सगळ्या उशिरांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. छप्पर सदोष आहे म्हणून गाडी अडवणं, प्रमाणपत्राविना ती न विकणं, हा उशीर गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. १९५७ सारख्या गाड्या पदरात पडण्यापेक्षा चार महिने थांबलेलं बरं. पण किंमत आणि मायलेज ठरलेलं असूनही केवळ जुना साठा उतरावा म्हणून दडवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे माहिती एकाकडे असते आणि पैसे दुसऱ्याचे जातात. आठ दिवसांनी नवी गाडी येणार आहे हे माहीत नसलेला माणूस आज पूर्ण किमतीला जुनी घेऊन घरी जातो, आणि विकायला काढतो तेव्हा दहाव्या जागेवरचं अक्षर त्याचा भाव पाडतं. साठ्याची चिंता कंपनीची आणि डीलरची आहे, तिचा भार त्यांनी उघड सवलत देऊन उचलायला हवा.

टेस्लाने ही वार्षिक लय बरीचशी सोडून दिली. डीलर नाहीत, शरद ऋतूतला सोहळा नाही. बदल तयार झाला की वर्षाच्या मध्येच गाडीत येतो, आणि किंमतही कधीही बदलते. जाहीर करून रखडवण्यात मात्र तीही मागे नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात दाखवलेला सायबरट्रक २०२१ मध्ये येणार होता, पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांना मिळाल्या ३० नोव्हेंबर २०२३ ला. जाहीर केलेली सुरुवातीची किंमत ४० हजार डॉलरच्या आत होती. प्रत्यक्षात सुरुवातीला मिळालेली गाडी त्याहून कितीतरी महाग निघाली, आणि आगाऊ रक्कम भरून चार वर्षं थांबलेल्यांना घ्यायची की नाही हे त्या नव्या किमतीकडे बघून ठरवावं लागलं.