लेआउटच्या टाकीचा आकडा आणि त्याआधीचं भातशिवार

नवीन लेआउटच्या म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीच्या ड्रेनेज रिपोर्टमध्ये हल्ली डिटेन्शन टँकचा, म्हणजे पावसाचं पाणी थोडा वेळ अडवून हळूहळू सोडणाऱ्या टाकीचा, एक आकडा असतो, इतके घनमीटर, आणि तो सॉफ्टवेअरमधून आलाय म्हटलं की पुढं कुणी फारसं विचारत नाही. पण तो आकडा ज्या एका निवडीवर उभा असतो, लेआउटच्या आधी तिथली जमीन कशी होती म्हणायची, ती निवड सॉफ्टवेअर करत नाही, माणूस करतो. बेळगावच्या भोवती शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, हलगा या पट्ट्यात तर त्या निवडीवरच सगळा खेळ आहे, म्हणून ही पद्धत कुठनं आली ते जरा मागं जाऊन बघायला पाहिजे.

फार मागं जायची गरज नाही. किल्ला तलाव, कपिलेश्वर तलाव, जक्कीनहोंड ही बेळगावातल्या पाणसाठ्यांची नावं इथं सगळ्यांना माहीत आहेत, पाणी अडवणं इथं नवं नाही. हिशोबाची बाजू मात्र बाहेरून आली. 1851 च्या सुमारास आयर्लंडमधल्या एका इंजिनिअरनं पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि वाहून जाणारा वाटा यांचा गुणाकार करून नाल्याचा कमाल प्रवाह काढला, 1889 ला अमेरिकेत आणि 1906 ला इंग्लंडमध्ये तोच विचार गटारांना लावला गेला आणि आपल्याकडं अजून बहुतेक गटारांचं डिझाइन याच रॅशनल मेथडनं होतं. यात एकच अडचण, ती कमाल प्रवाह सांगते, एकूण पाणी किती ते सांगत नाही, आणि टाकी तर एकूण पाण्यावर ठरते.

म्हणून पुढं मॉडिफाइड रॅशनल आली. पंधरा मिनिटांचा पाऊस धरला तर जोर जास्त पण पाणी कमी, दोन तासांचा धरला तर उलटं, तेव्हा वेगवेगळे कालावधी धरून प्रत्येकासाठी आलेलं पाणी वजा सोडलेलं पाणी काढायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. हे हातानं करताना पानंच्या पानं जायची. टाकीत पाणी चढतंय आणि त्याच वेळी खालच्या पाइपातनं जातंय याचा टप्प्याटप्प्यानं हिशोब करायची रीत 1928 पासूनची आहे, तीही हातानं करायची म्हणजे दिवस मोडायचा.

खरा बदल 1986 चा. अमेरिकेच्या शेती खात्याच्या टीआर-55 या पुस्तिकेच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत एक आलेख आला. बाहेर सोडायचा कमाल प्रवाह भागिले आत येणारा कमाल प्रवाह हे गुणोत्तर आडव्या अक्षावर टाका, उभ्या अक्षावर एकूण वाहत्या पाण्याचा किती हिस्सा साठवावा लागेल ते वाचा. गुणोत्तर 0.3 असेल तर टाइप टू पावसासाठी (अमेरिकेतला पावसाचा एक ठरलेला नमुना) हिस्सा साधारण 0.38 येतो, 0.5 असेल तर 0.28. दोन मिनिटांत टाकी. त्याच पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की साठ्यात 25 टक्क्यांची चूक चालणार नसेल तर यावर अंतिम डिझाइन करू नका. पण आलेख फॉर्म्युला झाला, फॉर्म्युला सॉफ्टवेअरच्या एस्टिमेट बटणात गेला आणि ती ओळ पुस्तिकेतच राहिली. आज बऱ्याच प्रोग्राममध्ये पहिला अंदाज असाच कुठल्यातरी शॉर्टकटनं येतो, एकतर या आलेखावरनं नाहीतर येणाऱ्या प्रवाहाच्या वक्रावर एक तिरकी सरळ रेषा मारून मधलं क्षेत्रफळ मोजून. त्यानंतर टाकीची खोली, पाइपचा व्यास वगैरे भरून पूर्ण राउटिंग, म्हणजे वर सांगितलेला टप्प्याटप्प्याचा हिशोब, करायचं असतं, पहिला अंदाज त्याच्यासाठीची सुरुवात असते. रिपोर्टमध्ये मात्र कितीतरी वेळा तो पहिला अंदाजच छापलेला दिसतो.

आता मुख्य मुद्दा. बाहेर किती प्रवाह सोडायचा? सगळीकडचा नियम साधारण असा की लेआउट व्हायच्या आधी त्या जमिनीतनं जेवढं पाणी जात होतं त्यापेक्षा जास्त जायला नको. म्हणजे आधीची जमीन कशी होती हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं आणि ते एका आकड्यात, कर्व्ह नंबर म्हणजे सीएन. ही पद्धतही शेतीतनंच आलेली, 1950 च्या दशकातली, छोट्या पाणलोटात किती पाणी वाहून जाईल ते काढायला. शंभरच्या जवळ आकडा म्हणजे जवळजवळ सगळं वाहून जाणार.

आपल्याकडं केंद्राच्या शेती खात्याच्या 1972 च्या हँडबुकमधला तक्ता वापरतात. त्यात चांगली बांधबंदिस्ती असलेली शेतजमीन, सी गटातली म्हणजे पाणी हळू मुरणारी माती, आकडा 76. पडीक जमीन, तीच माती, 85. आणि भात? चारही गटांच्या मातीला सरसकट 95.

आता अडीच एकर म्हणजे एक हेक्टर भातजमीन घ्या, दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस धरा आणि लेआउट झाल्यावर रस्ते, छपरं, काँक्रीट मिळून सीएन 90 धरा. सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सेटिंगनं लेआउटमधनं 726 घनमीटर पाणी वाहतं. आधीची जमीन बांधाची शेती म्हणून टाकली तर पूर्वी 429 घनमीटर वाहायचं असं येतं, पडीक म्हणून टाकली तर 610, आणि भात म्हणून 95 टाकला तर 856. म्हणजे भात लिहिलं की कागदावर लेआउटमुळं पाणी कमी होतं! मग टाकीची गरजच नाही. आणि उताऱ्यावर पीक भातच असतं, त्यामुळं 95 टाकणाऱ्याला खोटं काही लिहावं लागत नाही, तक्ता त्याच्या बाजूनं उभा आहे. जमीन विकल्यावर दोन-चार वर्षं पेरली नाही तर ती पडीक होते, तीही वाट आहे.

तो 95 चुकीचा छापलाय असं नाही. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी मुरत नाही हे खरंच आहे आणि तो आकडा मुरण्याबद्दलच बोलतो. पण खाचराला बांध असतो. बांधाच्या माथ्यापर्यंत दहा सेंटिमीटर जागा रिकामी असेल तर एका हेक्टरवर 1000 घनमीटर पाणी नुसतं उभं राहतं, मुरायची गरज नाही. वरच्या लेआउटला आलेखावरनं, गुणोत्तर 0.3 धरून, सुमारे 275 घनमीटरची टाकी येते, दीड मीटर खोल केली तर दोन 30 बाय 40 फुटांच्या साइटपेक्षा कमी जागा. म्हणजे जे शिवार आपण उठवलं ते स्वतःच टाकीच्या तिपटीहून मोठी टाकी होतं आणि सीएनच्या रकान्यात त्याला जागाच नाही. शेतकरी हे वर्षानुवर्षं सांगतायत, शिवारात भराव पडले की पाणी खालच्याच्या पिकात जातं, त्यांच्याकडं डिटेन्शन हा शब्द नसेल पण हिशोब हाच आहे.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे 95 टाकणाऱ्यांचं, म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं. ते म्हणतात जुलैअखेर खाचरं भरलेली असतात, मग पडेल तो थेंब बांधावरनं खालीच जाणार, तेव्हा 95 योग्यच. यात तथ्य आहे. पण भरलेल्या खाचरातनं सुद्धा पाणी एकदम जात नाही, एका खाचरातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात असं उतरत जातं आणि प्रवाहाचा कमाल जोर मोडतो. शिवाय मे महिन्यातल्या वळवाला खाचर कोरडं असतं, जमिनीला भेगा असतात, त्या पावसाला 95 लावणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. माझ्या मते भात लिहून 95 टाकून टाकी शून्यावर आणणं हा तक्त्याचा गैरवापर आहे, मंजुरी देणाऱ्यांनी तो मान्य करू नये.

पावसाचाही असाच घोळ. सॉफ्टवेअरमध्ये टाइप टू आधीच निवडलेलं असतं, तो अमेरिकेतल्या वादळी पावसाचा नमुना, त्यात 24 तासांतला जवळपास 45 टक्के पाऊस मधल्या एका तासात पडतो. आपल्याकडं वापरतात त्या एक-तृतीयांश घाताच्या सूत्रानं एका तासाला साधारण 35 टक्के येतो. त्यात आपला जिल्हा असा की कणकुंबी-जांबोटीकडं धो धो आणि अथणीकडं 500-600 मिलिमीटरवर वर्ष निघतं, एका जिल्ह्याचा एक पाऊस धरून चालत नाही. सीएनच्या सूत्रातला सुरुवातीचा मुरवा सुद्धा इथं वेगळा, जमीन जास्तीत जास्त जेवढं पाणी धरू शकते त्याच्या काळ्या जमिनीला ओल असताना 0.1 पट आणि इतर जमिनीला 0.3 पट, सॉफ्टवेअर मात्र 0.2 धरून चालतं जोवर कुणी बदलत नाही.

2005 नंतर, मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पडल्यावर, देशभर शहरी पुराचं बोलणं वाढलं. 2016 ला बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, रस्ते काँक्रीटचे झाले, गटारं झाकली. 2019 च्या ऑगस्टमध्ये शहरात घराघरांत पाणी शिरलं. त्याच वेळी कृष्णा-घटप्रभेला आला तो महापूर वेगळा विषय, घाटातला पाऊस आणि धरणांचे विसर्ग यांचा, लेआउटच्या टाक्यांनी चिकोडी-निपाणीचा पूर थांबत नाही. पण बळ्ळारी नाल्याच्या काठचं शिवार दरवर्षी बुडतं आणि दुबार पेरणीची वेळ येते ते याच छोट्या हिशोबांच्या बेरजेतलं आहे.

आणि नाला तुडुंब असताना टाकीचा पाइप पाण्याखाली जातो. सॉफ्टवेअर आउटलेट मोकळा धरतं, खालची पाणीपातळी हातानं भरावी लागते, नाही भरली तर कागदावर रिकामी होणारी टाकी झडीच्या दिवसांत भरलेलीच राहते आणि दुसऱ्या सरीला उपयोगाची नसते.

यातनं वाट आहे आणि ती फुकट आहे. एसडब्ल्यूएमएम हे पावसाच्या पाण्याचं अमेरिकी सरकारी सॉफ्टवेअर 1971 पासून आहे, 2004 ला नव्यानं लिहिलेली पाचवी आवृत्ती कुणीही उतरवून घेऊ शकतं. त्यात आधीची स्थिती मांडताना खाचराला सीएनमध्ये न कोंबता साठवण नोड म्हणून, म्हणजे पाणी साठवणारी वेगळी जागा म्हणून, घालायचं, बांधाची उंची, मोकळी जागा, बांधावरनं पाणी सांडायची रुंदी शेतात जाऊन मोजायची, एकदा कोरडं आणि एकदा भरलेलं अशी दोनदा मॉडेल चालवायची, नाल्याची पातळी पावसाळ्यातली टाकायची. एका दिवसाच्या पावसाऐवजी अख्खा जुलै चालवला तर आणखी बरं. मोजणीला एक दिवस जास्त जातो, बांध उठवायच्या आधीच मोजावा लागतो, कारण भराव पडल्यावर आधी काय होतं ते मोजायला काही उरत नाही.