सोसतोय की रमलाय?

"काय करत नाही ओ तो, लई गुणी हाय." घरात कुत्रा आणि लहान मूल दोन्ही असले की सोलापुरात हे वाक्य हमखास कानावर पडतं. परवा नात्यातल्या एकीनं फोनवर व्हिडिओ दाखवला. वर्षाचं बाळ कुत्र्याच्या पाठीवर रेललंय, दोन्ही मुठींत त्याचे कान. मागून कुणीतरी कौतुकानं म्हणतंय, "माया बघा किती लावलीय पोराला!" मी कुत्र्याकडे बघत होते. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं होतं, दोनदा नाकावरून जीभ फिरवली आणि मग मोठी जांभई दिली. माया मला कुठं दिसली नाही. तो बाळाला सोसत होता, आणि घरातल्या सगळ्यांनी त्या सोसण्याला 'आवडतंय' असं नाव दिलं होतं.

ही गल्लत इतक्या घरांत पाहिलीय की आता एकदा सविस्तर लिहितेच. आम्ही सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' या भागात राहतो. लेक अडीच वर्षांची, शेरू सहा वर्षांचा, म्हणजे घरात तिच्याही आधीचा. साधा देशी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला. शिवाय एक मांजर आहे, तिचं पुढे सांगते.

रमलेला कुत्रा कसा दिसतो हे कुत्रा पाळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. अंग सैल, कमरेपासून डुलणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून खेळायला बोलावणं, पळून जाऊन पुन्हा स्वतःहून परत येणं. यात कुणी चुकत नाही. चूक होते ती कुत्रा गप्प असतो तेव्हा.

कारण रमलेला कुत्राही गप्प पडून राहतो आणि सोसणाराही गप्प पडून राहतो. लांबून दोघं सारखेच दिसतात. फरक आहे तो अंगात. रमलेल्याचं अंग फरशीवर सांडल्यासारखं पडलेलं असतं. मूल हलतं तसा तोही थोडा हलतो, श्वास संथ चालू असतो, डोळे अर्धे मिटलेले असतात. सोसणाऱ्याचं अंग थिजलेलं असतं. तो हलत नाही, कारण हललो तर हे अजून वाढेल असं त्याला वाटतं. मान मुलापासून दुसरीकडे वळलेली असते, पण डोळे मात्र मुलावरच असतात, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. कान मागे, कपाळाला आठी, ओठ घट्ट. खायला काही समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड फिरवणं, ही कुत्र्याची 'आता पुरे' म्हणायची भाषा आहे. नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी या खुणांवर आयुष्यभर काम केलंय. समोरच्याला शांत करायला आणि भांडण टाळायला कुत्रे या खुणा वापरतात. दुसऱ्या कुत्र्याला त्या लगेच कळतात. आपल्याला कळत नाहीत, आणि अडीच वर्षांच्या पोरीला तर मुळीच कळत नाहीत. चार वर्षांची बरीच मुलंसुद्धा दात दाखवणाऱ्या कुत्र्याचा फोटो बघून 'हसतोय' असं सांगतात, हे संशोधनात दिसून आलंय.

आमच्या घरातलंच सांगते. लेकीला सध्या सगळ्यांना झोपवायचं वेड आहे. बाहुलीला झोपवते, आजोबांना झोपवते. एका दुपारी तिनं कॉटवरची चादर ओढत आणली, आपली सोलापुरी, जाड, मोराच्या नक्षीची. शेरू शहाबादी फरशीवर पडला होता. तिनं ती त्याच्या अंगावर टाकली, मानेपर्यंत खोचली आणि त्याला थोपटायला लागली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "अगं बघ की, कसं गप पडलंय बाळासारखं!" मीही क्षणभर हसले. मग जवळ जाऊन बसले. चादरीखाली त्याचा पुढचा पाय ताठ होता, शेपूट पोटाशी घेतलेली, आणि तोंड बंद.

हे बंद तोंड फार महत्त्वाचं आहे, निदान सोलापूरच्या उन्हाळ्यात तरी. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की कुत्र्यानं धापा टाकणं हे ठरलेलंच. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेऊनच तो अंग थंड करतो. असा धापा टाकणारा कुत्रा मूल जवळ आल्याबरोबर एकदम तोंड मिटत असेल, तर तिथंच थांबा. त्याला उकडायचं थांबलेलं नाही. तो ताणात आलाय आणि पुढे काय होतंय याची वाट बघतोय. मूल बाजूला झालं की जीभ पुन्हा बाहेर येते. मी हे शेरूमध्ये दिवसातून चार-चार वेळा बघितलंय आणि तरी पहिला उन्हाळा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

चाटण्याचंही तसंच. "मुके घ्यायलाय बघ!" असं म्हणत लोक मुलाला अजून पुढे ढकलतात. कुत्रा प्रेमानं चाटतो, नाही असं नाही. पण मूल तोंडाला तोंड लावून बसलेलं असताना तो ताठ अंगानं, मान मागे घेत, भराभर दोन-तीनदा तोंडावर चाटतो आणि लगेच दुसरीकडे बघतो, तेव्हा तो मुका नसतो. 'जरा लांब हो' असं सांगणं असतं. आणि होतंही तसंच, मूल खिदळून मागे सरकतं, कुत्र्याचं काम होतं. पोट दाखवण्याबद्दलही तेच. सैल अंगानं लोळत पोट दाखवणं वेगळं, आणि शेपूट पायांत घालून ताठपणे उताणं होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो शरण आलाय, त्याला गुदगुल्या नकोयत.

इतकं सगळं ध्यानात राहत नसेल तर एकच करा: हात उचला. मुलाचा हात हलकेच बाजूला घ्या, मनात तीन अंक मोजा आणि कुत्रा काय करतो ते बघा. रमलेला असेल तर तो पुढे सरकतो, नाक घुसवतो, पंजानं हात ओढतो, अंग टेकवतो. सोसत असेल तर तो जागचा हलत नाही, तोंड फिरवतो, किंवा उठून चालायला लागतो. उठून सगळं अंग झाडलं, भिजलेला नसताना भिजल्यासारखं, तर समजा की आत्तापर्यंतचा वेळ त्याला जड गेला होता. त्या दुपारी मी चादर काढली, लेकीचा हात धरला, आणि शेरू उठून, अंग झाडून थेट जिन्याखाली गेला. मला माझं उत्तर मिळालं.

पण या परीक्षेला एक अट आहे. कुत्र्याला उठून जायला वाट हवी. सोफा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात अडकलेला कुत्रा, मांडीत धरून ठेवलेला कुत्रा, साखळीला बांधलेला कुत्रा, यांना 'नको' म्हणायचा सगळ्यात सोपा मार्ग आपणच बंद केलेला असतो. मग त्यांच्याकडे गुरगुरणं आणि चावणं एवढंच उरतं. "बांधलाय की, काय भ्यायचं?" म्हणून मुलाला साखळीजवळ सोडणारे लोक मी बघते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

आपल्याकडे सोसण्याला गुण म्हणायची फार जुनी सवय आहे. सुनेला म्हणतात, बैलाला म्हणतात, कुत्र्यालाही म्हणतात. मला हे कौतुक अजिबात मान्य नाही. सोसणं संपतं, आणि ते संपतंय हे कुत्रा आधी कितीतरी वेळा सांगत असतो.

ते आमच्याच घरात घडलं. संक्रांतीचे दिवस, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला आलेले पाहुणे घरभर. शेरूला फटाक्यांची भीती, होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा आवाज लांबून आला तरी तो थरथरतो. रात्रीची झोप नाही, दिवसभर गर्दी, त्यात भाचीनं त्याच्या गळ्यात हात टाकून घट्ट मिठी मारली. त्यानं जांभई दिली. कुणीतरी म्हणालं, झोप आलीय त्याला. त्यानं तोंड फिरवलं. मग तो गुरगुरला. आणि घरातल्या एका मोठ्या माणसानं त्याला फटकावलं, "लेकरावर गुरगुरतोस होय रे?"

त्यानंतर शेरू मुलांवर गुरगुरला नाही. सगळ्यांना वाटलं, सुधारला. महिन्याभरानं लेकीनं झोपेत असलेल्या शेरूच्या अंगावर झोकून दिलं आणि तो न गुरगुरता थेट झडपला. दात लागले नाहीत, फ्रॉकची बाही तेवढी फाटली. गुरगुरणं ही त्याची शेवटची सूचना होती आणि ती आम्ही मारून बंद केली होती. म्हणून हात जोडून सांगते, गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नका. मुलाला शांतपणे बाजूला घ्या, आणि तो का गुरगुरला ते नंतर शोधा. कुठं दुखतंय का तेही बघा. कानात पू झालेला, कंबर धरलेला कुत्रा कालपर्यंत जे सोसत होता ते आज सोसणार नाही.

बाकीचे फरक लवकर आटपते. शेपटी हलतेय म्हणजे खूश, हे चूक. ताठ, उंच शेपटी टोकाला कंप पावल्यासारखी हलत असेल तर ते लक्षण चांगलं नाही. सैल, रुंद, अंगासकट हलणारी शेपटी चांगली. दोरी ओढताना खेळातलं गुरगुरणं वेगळं, ते उड्या मारत, थांबत-थांबत चालतं आणि ऐकूनच कळतं. मांजराची शेपटी तर कुत्र्याच्या उलट: ती फटकारायला लागली की मुलाचा हात काढा. घुरघुर म्हणजे सुखच असंही नाही, आजारी मांजरही घुरघुरतं. आमची मांजर मात्र सोसतच नाही. नको वाटलं की फ्रिजवर जाऊन बसते, म्हणून तिच्याबद्दल कुणाची गल्लत होत नाही.

एक गोष्ट मला मुळीच पटत नाही, ती म्हणजे कुत्रा जेवत असताना मुलाला त्याच्या ताटलीत हात घालायला लावणं, 'सवय व्हावी' म्हणून. सवय होते ती सोसण्याची. आमच्याकडे शेरूची कडक भाकरी दुधात कुस्करली की तो जिन्याखाली खातो आणि तेवढा वेळ लेक माझ्याजवळ असते. जिन्याखालची जागा त्याची, तिथं तिनं जायचं नाही, एवढा एक नियम तिला दोन वर्षांची असल्यापासून कळतो. हातातली भाकरी घेऊन ती त्याच्यासमोर फिरली तरी मी उठते. (शेंगा चटणी लावलेली भाकरी त्याला घालत नाही. लसूण कुत्र्याला बाधतो. द्राक्षं आणि बेदाणेही घालू नका, आपल्या जिल्ह्यात ती घरोघरी असतात म्हणून मुद्दाम सांगते.)

आणि एवढी काळजी घेऊनही दात किंवा नख लागलंच, तर त्या वेळी 'आपलाच आहे, लस दिलेला आहे' म्हणत बसू नका. लहान मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून मुलांना चावे बऱ्याचदा डोक्याला, चेहऱ्याला, मानेला बसतात, आणि ते बहुतेक वेळा ओळखीच्याच कुत्र्याचे असतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच दवाखाना गाठा, सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. लसीचे पुढचे डोस तारखेला पुरे करा. एकदा रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

यंदा गड्ड्याच्या दिवसांत शेरू मागच्या खोलीत होता, दार लावून, पंखा चालू ठेवून, पाण्याचं भांडं जवळ. पाहुण्यांची मुलं दाराशी येऊन विचारायची, "मामी, शेरूला हात लावू?" मी सांगायचे, आत्ता नाही, तो भ्यालाय, उद्या सकाळी तो स्वतः आला तर लावा. एका आत्यांना राग आला, "एवढं काय कुत्र्याचं!" म्हणाल्या. सकाळी शेरू बाहेर आला, अंगणात पोरांमधून फिरला, आणि त्यातल्या एकाच्याच गुडघ्याला पाठ टेकवून बसला. त्या पोरानं हात ठेवला, मग उचलला. शेरूनं मान वळवून त्याचा हात नाकानं वर ढकलला.