रिमोट डेस्कटॉप: डिस्कनेक्ट केलं म्हणजे लॉगऑफ झालं असं नाही

रिमोट डेस्कटॉपवरचं, म्हणजे दूरच्या विंडोज सर्व्हरचा स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर उघडून केलेलं काम संपलं की बहुतेक लोक वरच्या पट्टीतल्या फुलीवर क्लिक करतात आणि मोकळे होतात. विंडो गेली म्हणजे सेशन (सर्व्हरवरचं आपलं लॉगिन आणि त्यात उघडलेलं सगळं) गेलं असं वाटणं साहजिक आहे, पण फुलीने होतं ते डिस्कनेक्ट. लॉगऑफ वेगळं, आणि सर्व्हर चार-पाच जणांत वाटून वापरत असाल तर हा फरक माहीत असायलाच हवा.

डिस्कनेक्टमध्ये तुटतं ते फक्त तुमचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस यांचं नातं. तिकडे सर्व्हरवर सगळं जागच्या जागी चालू राहतं, एक्सेलच्या फाइली उघड्या, ब्राउझरचे टॅब उघडे, आणि मेमरी खाणं काही थांबत नाही. प्रत्येक सेशनला विनलॉगऑन, सीएसआरएसएस, एक्सप्लोरर अशा विंडोजच्याच प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) स्वतःचा संच असतो, तोही तसाच बसून राहतो. आणि वेगळी मुदत घातली नसेल तर विंडोज असं सेशन आपणहून कधीच बंद करत नाही, सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत ते पडून राहतं.

लॉगऑफ केलं की त्या सेशनमधले प्रोग्रॅम बंद होतात, यूजरची रजिस्ट्री, म्हणजे त्याच्या सेटिंगची नोंद, मेमरीतून उतरते, सेशनचा टेम्प फोल्डर साफ होतो आणि सेशनचा आयडीही मोकळा होतो. रोमिंग प्रोफाइल (कुठल्याही सर्व्हरवर लॉगिन केलं तरी सोबत येणारी तुमची सेटिंग) असेल तर तुमचे बदल मुख्य कॉपीत परत जातात ते याच वेळी, म्हणजे एका सर्व्हरवर नुसतं डिस्कनेक्ट करून दुसऱ्यावर लॉगिन केलं आणि सेटिंग जुनंच दिसलं तर त्यात नवल काहीच नाही.

मग डिस्कनेक्ट वाईट का? अजिबात नाही, मोठी फाइल कॉपी होतेय, बॅकअप चाललाय, एखादी क्वेरी तासभर पळणार आहे, अशा वेळी डिस्कनेक्टच हवं, नेट गेलं तरी काम वाचतं ते त्याच्यामुळेच. फक्त काम झालं की परत येऊन लॉगऑफ करायचं, आणि हीच पायरी लोक विसरतात. शिवाय डिस्कनेक्ट म्हणजे सेव्ह नव्हे. रात्री अपडेटसाठी सर्व्हर रीस्टार्ट झाला की त्या सेशनमधलं सेव्ह न केलेलं सगळं गेलं.

सर्व्हरवर काय पडलंय ते बघायचं तर कमांड प्रॉम्प्टवर 'क्वेरी यूजर' चालवा. यादीत ज्याच्या स्टेटमध्ये 'डिस्क' (Disc, डिस्कनेक्टेडचं लघुरूप) लिहिलंय आणि सेशननेमचा रकाना रिकामा आहे ते डिस्कनेक्ट झालेलं सेशन. आयडल टाइम १२+०३:१५ असा दिसला तर वाचायचं १२ दिवस, ३ तास, १५ मिनिटं. म्हणजे तो माणूस बारा दिवसांपूर्वी फुली मारून गेलाय आणि त्याचे प्रोग्रॅम अजून चालू आहेत! त्याला आधी विचारा, मग 'लॉगऑफ' आणि पुढे तो आयडी. लॉगऑफच अडकलं तरच 'रीसेट सेशन', कारण ते प्रोग्रॅमना सेव्ह करायची संधी न देता सेशन उडवतं.

मेमरीपेक्षा जास्त छळणारा एक त्रास आहे, तो म्हणजे पासवर्डचा. तुम्ही पासवर्ड बदलता, पण जुन्या सेशनमधला एखादा प्रोग्रॅम किंवा जोडलेला ड्राइव्ह जुन्याच पासवर्डने दार ठोठावत राहतो, आणि अकाउंट परत परत लॉक होतं. लोक फोन तपासतात, मेल तपासतात, नि कारण भलत्याच सर्व्हरवरच्या विसरलेल्या सेशनमध्ये निघतं. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये तर ॲडमिनसाठीच्या दोन रिमोट जागांमध्ये अशी डिस्कनेक्ट सेशनही धरली जायची, त्यामुळे दोघं फुली मारून गेले की तिसऱ्याला आतच जाता यायचं नाही.

स्वतः लॉगऑफ करायचं तर स्टार्टमध्ये आपल्या नावावर जाऊन साइन आउट, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबून तिथलं साइन आउट. ॲडमिन असाल तर ग्रुप पॉलिसीत (सगळ्यांसाठी विंडोजचे नियम ठरवायची जागा) सेशन टाइम लिमिट्समध्ये डिस्कनेक्टेड सेशनची मुदत नक्की घाला. किती ते कामावर ठरवा, रात्रभर चालणारी कामं असतील तर एक तासाची मुदत लावून लोकांचं काम मारू नका.

लिनक्सवर एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून लॉगिन) वापरणाऱ्यांनी मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये, तिथे गोष्ट जवळपास उलटी आहे. टर्मिनलची विंडो बंद केली की शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) हँगअप, म्हणजे 'कनेक्शन तुटलं' असा सिग्नल जातो आणि त्यात चाललेलं काम सहसा मरतं. काम चालू ठेवायचं असेल तर टीमक्स वापरायचं, हा प्रोग्रॅम टर्मिनलचं सेशन सर्व्हरवर जिवंत ठेवतो. कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की डिटॅच, म्हणजे काम चालू ठेवून तुम्ही बाहेर. नेट अचानक तुटलं तर पलीकडच्या एसएसएचडीला (सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रॅमला) ते लगेच कळत नाही आणि शेल लोंबकळत राहतो. त्यासाठी क्लायंटअलाइव्हइंटरव्हल हे सेटिंग असतं, किती सेकंदांनी 'आहेस का' असं विचारायचं ते त्यात ठरतं, मूळ किंमत ०, म्हणजे सर्व्हर विचारतच नाही. ते ६० केलं आणि काउंटमॅक्स (किती वेळा उत्तर आलं नाही की सोडायचं) मूळचं ३ च ठेवलं तर साधारण तीन मिनिटांत मेलेलं कनेक्शन सोडून दिलं जातं. टीमक्सचं डिटॅच केलेलं सेशन मात्र यानेही जात नाही, ते 'टीमक्स एलएस'ने शोधून 'टीमक्स किल-सेशन'नेच बंद करावं लागतं.