‘विटनेसेथ’ : खरेदीखतात बोलतं कोण?

म्हापशात नोंदवा की मडगावात, गोव्यातल्या इंग्रजी खरेदीखतात दोन-तीन पानं उलटली की बहुधा ठळक अक्षरांत एक ओळ भेटते: ‘नाऊ धिस डीड विटनेसेथ ॲज अंडर’ (सबब हा दस्त पुढीलप्रमाणे साक्ष देतो). आजूबाजूचं इंग्रजी वळणदार असलं तरी ओळखीचं असतं. ‘विटनेसेथ’ हा एकच शब्द शब्दकोशाच्या मागच्या पानावरून उठून आल्यासारखा दिसतो, आणि मसुदा करताना सगळ्यात जास्त चुका त्याच्याच भोवती होतात.

‘विटनेस’ला लागलेलं ‘एथ’ हे वकिली शेपूट नव्हे. जुन्या इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याच्या वर्तमानकाळी क्रियापदाला हाच प्रत्यय लागायचा. आज ‘कम्स’ म्हणतात तिथे ‘कमेथ’, ‘हॅज’ तिथे ‘हॅथ’, ‘डझ’ तिथे ‘डथ’. उत्तर इंग्लंडच्या बोलीतला ‘स’ हळूहळू दक्षिणेत आला आणि सोळाव्या-सतराव्या शतकात त्याने ‘एथ’ला बोलण्यातून बाहेर काढलं. १६११ च्या किंग जेम्स बायबलने तो छापात धरून ठेवला, दस्त लिहिणाऱ्यांनी कागदावर. म्हणजे ‘विटनेसेथ’चा अर्थ ‘विटनेसेस’ एवढाच: साक्ष देतो, देते, देतं.

साक्ष देतं कोण? तर कागद. मध्ययुगीन लॅटिन दस्तांतलं ‘हेक इंदेन्तुरा तेस्तातुर’ हे ठरलेलं वाक्य इंग्रजीत ‘धिस इंडेंचर विटनेसेथ’ झालं. इंडेंचर म्हणजे एकाच चामडी पत्रावर तोच मजकूर दोनदा लिहून मधून दातेरी कापलेला दस्त. दोन्ही पक्षांकडे एकेक तुकडा. वाद निघाला की दाते जुळवून पाहायचे. अशा कागदाला साक्षीदार म्हणणं अगदीच साहजिक होतं. पुढे दाते कापणं बंद पडलं, १८४५ च्या इंग्लंडमधल्या कायद्याने ते अनावश्यकही ठरवलं, पण वाक्य राहिलं.

गोव्यात हा शब्द उशिरा आला. पोर्तुगीज राजवटीत इथली खरेदी ‘एस्क्रितुरा’ने व्हायची. नोटरी आपल्या बांधीव वहीत पोर्तुगीजमध्ये लिहायचा आणि त्यात बोलणारा तोच असायचा: अमुक दिवशी माझ्यासमोर पहिला पक्ष म्हणून अमुक, दुसरा पक्ष म्हणून तमुक हजर झाले आणि त्यांनी असं सांगितलं. मराठी खरेदीखतात याच्या उलट, विकणारा स्वतः बोलतो: ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’. मुक्तीनंतर भारतीय नोंदणी कायदा लागू झाला, वकिलांचे इंग्रजी मसुदे आले आणि बोलण्याचं काम कागदाकडे गेलं. ‘विटनेसेथ’ला हसणाऱ्या मराठी माणसाने आपलं ‘ऐसाजे’ही आठवावं, रोजच्या बोलण्यात तेही कुणी वापरत नाही.

हे तीन आवाज वेगळे ओळखले की वाक्यरचनेचा गुंता सुटतो. मूळ सांगाडा एकाच वाक्याचा आहे: ‘धिस डीड, मेड ॲट पणजी ऑन… बिट्वीन अमुक अँड तमुक, विटनेसेथ दॅट…’. कर्ता ‘धिस डीड’, क्रियापद ‘विटनेसेथ’ आणि पुढची सगळी कलमं त्याचं कर्म. पण मध्ये ‘व्हेअरॲज’ची (‘ज्याअर्थी’ने सुरू होणाऱ्या कलमांची) रांग शिरते. गोव्यात ती लांबच असते: जमीन नोंदणी कार्यालयातला वर्णन क्रमांक, मात्रीज (पोर्तुगीज काळातली करनोंद) क्रमांक, सर्व्हे क्रमांक, फॉर्म एक व चौदा या हक्कनोंदीतली नावं, मूळ मालक वारल्यावर झालेली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया. एवढ्या मजकुरानंतर कर्ता दोन पानं मागे राहतो, म्हणून ‘नाऊ धिस डीड’ म्हणत त्याला पुन्हा पुढे आणतात. ‘नाऊ’ इथे ‘आत्ता’ नाही, ‘तर’ किंवा ‘सबब’ आहे.

चुका इथूनच सुरू होतात. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, त्यामुळे विकताना दोघांच्याही सह्या लागतात. साहजिकच विक्रेते अनेकवचनी, आणि मसुद्यात ‘द व्हेंडर्स विटनेसेथ’ किंवा ‘द व्हेंडर्स डथ हिअरबाय सेल’ येऊन बसतं. दोन्ही चूक. पहिल्यात कर्ताच चुकला, कारण साक्ष विक्रेते देत नाहीत. दुसऱ्यात ‘डथ’ एकवचनी आहे, तिथे ‘डू’ हवं. एकटा विकणारा असलेल्या जुन्या मसुद्यात फक्त नावं बदलली की हेच होतं. ‘दीज प्रेझेंट्स’ (म्हणजे हाच दस्त) हा कर्ता घेतला तर तोही अनेकवचनी, म्हणून ‘दीज प्रेझेंट्स विटनेस’. तिथे ‘एथ’ लागत नाही. ‘विटनेसेथ’ नंतर पूर्णविराम देऊ नये, वाक्य तिथे संपतच नाही. ‘ॲज अंडर’ लिहिलं असेल तर अपूर्णविराम (:) देऊन कलमं सरळ सुरू करावीत; ते नसेल तर प्रत्येक कलमाच्या तोंडी ‘दॅट’ येतो. दोन्ही एकत्र घातले की वाक्य लंगडतं.

आणखी एक गैरसमज साक्षीदारांबाबतचा. शेवटच्या पानावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांशी या शब्दाचा संबंध नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षीसपत्राला किमान दोन साक्षीदार सक्तीचे आहेत, खरेदीखताला तशी अट नाही, तरी ‘विटनेसेथ’ दोन्हींत असतो. सह्यांच्या वरचं ‘इन विटनेस व्हेअरऑफ’ हेसुद्धा ‘याची साक्ष म्हणून’ एवढंच. तिथे मात्र कर्ते पक्षकार असतात, म्हणून ‘द पार्टीज हॅव’. ‘विटनेसेथ’ गाळला म्हणून खरेदी रद्द होत नाही. ‘द पार्टीज अग्री ॲज फॉलोज’ने तेच काम भागतं, आणि नव्याने मसुदा करणाऱ्याने खुशाल तसं लिहावं.

मराठीत भाषांतर करताना ‘हे खरेदीखत साक्ष देते की’ हे शब्दशः बरोबर, पण वाचायला परकं. ‘सबब, उभय पक्षांत पुढीलप्रमाणे ठरले आहे’ जास्त बरं. मात्र वारसदाखल्याच्या दस्ताला हे लावू नये. तो आजही २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली विशेष नोटरीसमोर होतो, आणि त्यातलं इंग्रजी ‘बिफोर मी’ (माझ्यासमोर) म्हणतं. तिथे बोलणारा नोटरीच आहे. ‘विटनेसेथ’ला जागा नाही.