मिसाबंदी मानधन : अर्ज नेमका कुठे अडतो

आणीबाणीत मिसा (अंतर्गत सुरक्षा कायदा) किंवा डीआयआर (भारत संरक्षण नियम) खाली तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्र सरकार मानधन देतं. 2018 ला सुरू झालं, 2020 ला बंद पडलं, 2022 ला परत सुरू झालं. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने रक्कम दुप्पट केली : महिन्याहून जास्त कारावास असेल तर दरमहा 20,000 रुपये, कमी असेल तर 10,000. बंदी हयात नसेल तर पत्नीला किंवा पतीला याच्या निम्मे. मुलांना काही नाही; वडिलांची फाईल घेऊन येणाऱ्या मुलांना हे कुणी आधी सांगत नाही.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. आधार, पासबुक, फोटो यांवर सहसा अडत नाही.

अडतं ते ‘अटकेचा आदेश जोडा’ या वाक्यावर. आता हा कागद ऐंशीच्या घरातल्या माणसाने आणायचा कुठून? जून 1975 अखेरच्या दुरुस्तीनंतर मिसाखाली माणसाला का पकडलं हे त्याला सांगण्याचंही बंधन सरकारवर राहिलं नव्हतं. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अटकेला आव्हान देण्याची वाट बंद केली. आणि खुद्द आणीबाणीची घोषणा? 25 जून 1975 च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी नुसत्या पंतप्रधानांच्या पत्राच्या आधारे घोषणेवर सही केली; मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय घोषणा करता येणार नाही, ही अट 44 व्या घटनादुरुस्तीने नंतर आली. म्हणजे ज्या अटकेचं कारण सांगण्यातूनही सरकारने तेव्हा स्वतःला माफ केलं, तिचा कागद आज बंद्याकडून मागितला जातो.

तेव्हा आदेश शोधत बसू नका. तुरुंगाच्या नोंदवहीत आत आल्याची आणि सुटल्याची तारीख असते. त्या कारागृहाच्या अधीक्षकांकडे दाखला मागा. दाद मिळाली नाही तर माहिती अधिकारात नोंदीची प्रत मागा : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. डीआयआरखाली सत्याग्रहात पकडले गेले असाल तर खटला चाललेल्या न्यायालयातही विचारा. ठाणे कारागृहातून नाशिकरोड कारागृहात हलवलं असेल तर दोन्हीकडचे दाखले घ्या. एकाच तुरुंगाचे दिवस धरले तर महिना भरत नाही आणि मानधन निम्म्यावर येतं.

नावं तपासा. नोंदवहीत ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’, एवढ्यावर फाईल परत येते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं शपथपत्र पहिल्याच खेपेला जोडा. पत्नीच्या अर्जात लग्नाचा दाखला बहुधा नसतोच; जुनी शिधापत्रिका जपून ठेवली असेल तर ती काढा.

आता मुदत. बंदी 2 जानेवारी 2018 पूर्वी वारले असतील, तर हयात जोडीदाराला शपथपत्रासह अर्ज करायला 2025 च्या निर्णयात 90 दिवस दिले होते. हे दिवस शासन निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला बातमी कळली तेव्हापासून नाही. मुदत हुकली असली तरी खिडकीवरचं ‘आता होणार नाही’ ऐकून परत फिरू नका, आजी. अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या, नकार लेखी मागा. उद्या मुदत वाढली तर दाखवायला हातात ती पोचच असेल.