तैगा (उत्तरेकडची सूचिपर्णी जंगलं)

तैगा म्हणजे साधारण ५० ते ७० अंश उत्तर अक्षांशांत अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि रशियात पसरलेला जंगलाचा पट्टा. झाडं मोजकीच, स्प्रूस, फर, पाइन, लार्च, मधेमधे भूर्ज नि ॲस्पेन. कुठं कोण टिकणार ते हवामान ठरवतं.

सोलापूरकराला यातलं पावसाचं गणित उलटं वाटेल. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिमी पाऊस पडतो तरी नान्नजच्या माळावर गवत आणि चार बाभळी, आणि तिकडं सायबेरियात याकुत्स्कला त्याच्या निम्म्याहून कमी पडतो तरी शहराभोवती लार्चचं जंगल! कारण तिथं उन्हाळा छोटा, बाष्पीभवन कमी आणि खाली जमीन कायम गोठलेली, त्यामुळं वितळलेलं पाणी खोल मुरत नाही, वरच राहतं. आपलं पाणी मे महिन्याच्या ४२ अंशातच उडून जातंय.

हिवाळ्यात मात्र तिथल्या झाडांचे हाल. जमीन गोठली की पाणी पायाशी असून मुळांना ओढता येत नाही, म्हणजे बर्फात उभं राहून दुष्काळच. म्हणून स्प्रूस-पाइनची पानं सुईसारखी, वरून मेणाचा थर. आपल्या बाभळीची पानं बारीक असतात तीपण पाणी वाचवायलाच. सुया वर्षभर झाडावरच राहतात म्हणून वसंतात नवी पानं फुटायची वाट बघावी लागत नाही, लगेच अन्न तयार करायला सुरुवात. लार्च तेवढा वेगळा, सूचिपर्णी असून थंडीआधी सगळ्या सुया गाळून मोकळा होतो, आणि पूर्व सायबेरियात राज्य त्याचंच. तिथं ओयम्याकोनला १९३३ साली उणे ६७.७ नोंदलंय (आपण गड्ड्याच्या जत्रेत १५ अंशाला कानटोपी घालतो, असो).

ओक, मेपलसारखी बरीच झाडं पेशींतलं पाणी गोठू न देता थंडी काढतात, पण साधारण उणे ४० च्या खाली ते जमत नाही. तैगातली झाडं पाणी पेशीबाहेर जाऊ देतात, तिथं बर्फ झाला तरी पेशी वाचते. उत्तरेकडं जिथं सगळ्यात गरम महिन्याची सरासरी १० अंशाच्या खाली जाते, तिथं जवळपास झाडंच संपतात.

आगीचंही तसंच. जॅक पाइनची शंकूफळं राळेनं चिकटून बंद असतात, वणव्याच्या धगीनं उघडतात आणि बिया राखेत पडतात. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जळलं, म्हणजे आपल्याएवढे दहा जिल्हे. जिथं आगी जोरात किंवा लवकर-लवकर लागतात तिथं स्प्रूसच्या जागी भूर्ज आणि ॲस्पेन येताना दिसतात.