दोन तारकांचा हक्क

विद्यापीठातल्या सगळ्यांना एकदम ईमेल पाठवायचा तर परवानगी कुणाची, हा प्रश्न ईमेलइतकाच जुना आहे. 'ईमेल' हे नाव रुळण्याआधीच तो उभा राहिला होता.

1965 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात आयबीएम 7094 या संगणकावर सीटीएसएस नावाची प्रणाली चालायची. यंत्र एक आणि टर्मिनलवरून ते एकाच वेळी वापरणारे अनेक. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी तिच्यासाठी 'मेल' ही आज्ञा लिहिली. ज्याला निरोप द्यायचा त्याचे क्रमांक टाकले की मजकूर त्याच्या 'मेल बॉक्स' नावाच्या फाइलीत जाऊन बसे. क्रमांकांच्या जागी दोन तारका (* *) टाकल्या, तर तोच मजकूर झाडून सगळ्या खात्यांत जाई. या तारका मात्र यंत्रणा सांभाळणाऱ्या मोजक्या मंडळींनाच वापरता येत.

घोटाळा त्याच मंडळींतून झाला. 1971 मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत, व्हॅन व्लेक यांच्याच गटातल्या एकाने तारका वापरून प्रत्येकाला युद्धविरोधी लांबलचक निरोप पाठवला. सुरुवातीचं वाक्य होतं, शांततेकडे नेणारी वाट नसते, शांतता हीच वाट. हे अनुचित आहे, लोकांना कदाचित नकोही असेल, असं व्हॅन व्लेक यांनी त्याला सुनावलं. त्याचं उत्तर होतं, "पण हे महत्त्वाचं होतं!" पुढच्या पन्नास वर्षांतल्या सामूहिक ईमेलच्या बहुतेक भांडणांत हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच.

1981 मध्ये न्यूयॉर्कचं सिटी विद्यापीठ आणि येल यांना जोडून बिटनेट हे विद्यापीठांमधलं संगणकजाळं सुरू झालं आणि प्रश्न एका यंत्राबाहेर पडला. तिथे मेलिंग लिस्टा माणसं हाताने सांभाळत. नाव घालायचं किंवा काढायचं असेल तर त्यांना पत्र लिहून वाट पाहायची. शिवाय पन्नास जणांच्या यादीला पन्नास वेगळ्या प्रती निघत आणि त्या काळच्या संथ तारा तुंबत. 1986 मध्ये पॅरिसमधल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने हे काम करणारा लिस्टसर्व्ह हा प्रोग्रॅम लिहिला. सदस्याने एका ओळीची आज्ञा पाठवली की नाव आपोआप नोंदलं जाई, आणि एका दिशेच्या अनेक सदस्यांसाठी तारेवरून एकच प्रत जाई. यादीला 'मालक' मिळाला. कोण लिहू शकतो, मजकूर आधी कुणी तपासायचा, उत्तर एकट्या प्रेषकाला जावं की अख्ख्या यादीला, हे तो ठरवू लागला. यातलं शेवटचं बटण दिसायला अगदी किरकोळ आहे.

ते चुकीच्या बाजूला राहिलं तर काय होतं, हे नोव्हेंबर 2012 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात दिसलं. शुल्क विभागाने करासंबंधीचा एक फॉर्म कागदाऐवजी ऑनलाइन घ्या, असं सुचवणारं पत्र विद्यार्थ्यांना धाडलं. एका विद्यार्थ्याला ते आईकडे पाठवून 'असं करू का?' एवढंच विचारायचं होतं. चुकून 'रिप्लाय ऑल' दाबलं गेलं आणि आईसाठीचा प्रश्न सुमारे 40 हजार जणांना गेला. त्याने लगेच माफी मागितली, पण आपणही सगळ्यांना लिहू शकतो हे तोवर इतरांच्या लक्षात आलं होतं. मग कुणी उसनी पेन्सिल मागितली, कुणी चित्रं पाठवली. अशा वेळी 'मला या यादीतून काढा' असं अख्ख्या यादीला कळवणारे महाभागही असतात, आणि खरी गर्दी तेच करतात, असं माझं मत.

उलट टोकाची गोष्ट 2008 मधली. मिशिगन स्टेट विद्यापीठात वेळापत्रकातल्या प्रस्तावित बदलावर एका विद्यार्थी प्रतिनिधीने जवळपास 400 प्राध्यापकांना पत्र लिहिलं, म्हणून स्पॅमच्या नियमाखाली कारवाई सुरू झाली. बाहेरून टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली. नियम जाहिरातींसाठी केलेला होता, सापडला मात्र विद्यापीठाच्याच कारभाराविषयी बोलणारा माणूस.

पण हा वाद केवळ कटकटीचा नाही, हे त्याआधीच व्हर्जिनिया टेक या अमेरिकी विद्यापीठात फार क्रूरपणे समोर आलं होतं. 16 एप्रिल 2007 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमाराला वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. सगळ्यांना पहिला ईमेल गेला तो 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांतच नॉरिस हॉलमध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला. एकूण 32 जणांचा जीव गेला. नंतरच्या चौकशीत दिसलं, की विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून सगळ्यांना संदेश पाठवता येत नव्हता. त्याचा निर्णय वरिष्ठ प्रशासकांचा एक गट घेई.

2008 मध्ये अमेरिकेचा क्लेरी कायदा, म्हणजे विद्यापीठांच्या आवारातल्या सुरक्षेचा कायदा, बदलला. धोक्याची खातरजमा होताच विनाविलंब सूचना द्यायची, वर्षातून एकदा यंत्रणेची चाचणी घ्यायची, आणि संदेश पाठवण्याचा अधिकार कोणत्या पदांकडे आहे हे आधीच लिहून जाहीर करायचं. त्यामुळे तारका कुणाच्या हातात आहेत, हे तिथे कायद्यानेच कागदावर आलं. धोक्याच्या इशाऱ्यांना एसएमएस आणि भोंगे मिळाले. उरलेल्या ईमेलच्या दोन जाती झाल्या. शुल्क, परीक्षा, सुट्टीच्या सूचना सगळ्यांना सक्तीने येतात. कार्यक्रमांच्या घोषणा बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या एका संकलनात ढकलल्या जातात, आणि ते फार थोडे वाचतात.

अलीकडे आणखी एक पहारेकरी आला आहे, आणि तो विद्यापीठाबाहेरचा आहे. एप्रिल 2014 मध्ये याहूने प्रेषकाची ओळख तपासण्याचे नियम कडक केले. लिस्टा विषयाच्या ओळीत यादीचं नाव आणि तळाशी एखादी ओळ जोडतात, म्हणजे मूळ पत्र बदलतं, त्यामुळे याहूच्या सदस्यांनी यादीवर टाकलेली पत्रं इतरांच्या दारात खोटी ठरून परत येऊ लागली. फेब्रुवारी 2024 पासून गूगल जीमेलच्या खात्यांना दिवसाला 5,000 हून अधिक पत्रं पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ पुढच्या नावाची, पडताळणी मागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतं. माजी विद्यार्थ्यांना स्नेहमेळाव्याचं निमंत्रण धाडणारं कार्यालय 5,000 चा आकडा एका दुपारी ओलांडतं.